समोरच्या खोलीतला कापूस

बाबा गेले तेव्हा त्यांना ठेवायला आमच्या घरात जागा नव्हती. समोरची खोली कापसानं भरलेली होती. 2023 चा मार्च होता. बेचाळीस क्विंटल कापूस खिडकीच्या वरपर्यंत रचलेला, आणि दाराजवळ चपला काढण्यापुरती फरशी मोकळी. आदल्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. यंदाही जाईल म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी लोक कापूस धरून बसले होते. हमीभाव होता 6380 रुपये, तोही लांब धाग्याला. डिसेंबरात व्यापारी चौऱ्याऐंशीशे देत होता. बाबा म्हणाले, "इकून टाक बाप्पा. घर मानसाईसाठी असते." मी म्हणालो, दहा होऊ द्या.

दहा झाले नाहीत. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. घरातल्या कापसानं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. माझी लेक रात्री उठून पाय खाजवत बसायची. बाबांचा खोकला वाढला होता. ते मागच्या खोलीत झोपत. समोरच्या खोलीच्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची असायची. सकाळी तिथं बसून ते आधी स्तोत्र वाचत आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. कापूस आल्यावर ती खुर्ची न्हाणीच्या बाजूला गेली. त्यांनी त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही.

पहाटे ते गेले. माय म्हणाली, "त्याईले समोर आना." आणि आम्ही सगळे त्या खोलीच्या दारात उभे राहिलो.

कापसाला पहिला हात कोणी घातला ते मला स्पष्ट आठवतं. माझ्या मोठ्या काकांच्या मुलानं, दादानं. त्याच्याशी मी बारा वर्षं बोललो नव्हतो. तो आला, दारात एक क्षण थांबला, अंगावरचा दुपट्टा जमिनीवर पसरला आणि कापूस भरायला लागला. मग इतर आले. गाठोडी बांधून अंगणात ताडपत्रीवर नेत राहिले. दहा वाजेपर्यंत अर्धी खोली रिकामी झाली आणि बाबांची खाट मावली. मागच्या अर्ध्या खोलीत कापूस तसाच होता. आलेल्या माणसांनी बाबांना पाहिलं ते त्या पांढऱ्या भिंतीसमोर.

आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, हंगामाचा सण असतो. तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, पहिल्या वेच्याचा कापूस, कोणी कोंबडा, कोणी भोपळा, जे ज्याच्या घरी पिकलं ते वेदीपुढं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी लहान असताना एक भोपळा दर वर्षी बाबाच घेत, कारण तो आणणारी आजी फार गरीब होती आणि बोली चढवल्याशिवाय बाबांना राहवत नसे. त्या दिवशी पुष्कळदा लूकच्या शुभवर्तमानातला तो दाखला वाचला जातो. एका धनवानाच्या जमिनीला भरपूर पीक येतं. कोठारं पुरत नाहीत, तेव्हा जुनी पाडून मोठी बांधायचं तो ठरवतो. आपल्याच जिवाला म्हणतो, आता खा, पी, आराम कर. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो, आणि देव विचारतो, हे जे साठवलंस ते आता कोणाचं? मी चाळीस वर्षं तो दाखला ऐकत आलो आणि चाळीस वर्षं मला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटत आला. सावकाराचा, जिनिंगवाल्याचा, शहरातल्या कोणाचा. आठ एकरांच्या शेतकऱ्याला कोण धनवान म्हणेल?

पण कोठार माझ्याच घरात होतं. जीव मागितला गेला तो मात्र माझा नव्हता, माझ्या बापाचा होता. हे मला आजही नीट सोसत नाही.

कापूस मे महिन्यात एकाहत्तरशेनं विकला. क्विंटलमागे तेराशेचा फरक, म्हणजे 54,600 रुपये. तो हिशेब मी वहीत मांडला. दुसरा हिशेब मांडता येत नाही. बाबांच्या आयुष्यातले शेवटचे तीन महिने मी त्यांची खिडकी घेतली होती.

मी नागपुरात शिकलो. 2001 मध्ये बी. ए. होऊन, नोकरीसाठी दोन वर्षं हिंडून गावी परतलो. त्या दिवाळीत एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आयुष्याची ध्येयं लिहिली: चाळिशीच्या आत स्लॅबचं घर, विहिरीवर मोटर, ट्रॅक्टर, मुलांना इंग्रजी शाळा. कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. आठवड्याभरानं पाहिलं तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: प्र. इ.

प्रभूची इच्छा असली तर. बाबांची ती सवय होती. याकोबाच्या पत्रात सांगितलंय, की उद्या अमुक गावी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असं म्हणणाऱ्यांनो, तुमचं आयुष्य म्हणजे थोडा वेळ दिसून नाहीशी होणारी वाफ. त्यापेक्षा प्रभूची इच्छा असली तर करू, असं म्हणा. बाबा ते अक्षरशः पाळत. पत्रात, सोसायटीच्या अर्जाच्या कोपऱ्यात, लग्नाच्या यादीवर, सगळीकडे प्र. इ. मला त्याचा राग यायचा. माणसानं कंबर कसून काही ठरवावं आणि कोणीतरी त्यावर आधीच पळवाट लिहून ठेवावी, असं वाटायचं. मी ती अक्षरं खोडरबरानं पुसली. बाबांनी पुन्हा लिहिली नाहीत.

'ध्येय' आणि 'ध्यान' हे शब्द एकाच धातूतून आलेत. ज्याचं ध्यान करायचं ते ध्येय. जिथं मन दिवसभर फिरून फिरून जातं ते. त्या हिशेबानं पाहिलं तर दारावर काय चिकटवलंय याला फारसा अर्थ उरत नाही. घरात कापूस होता त्या हिवाळ्यात रोज सकाळी उठल्याबरोबर मी फोनवर कापसाचा भाव बघत होतो, प्रार्थनेच्या आधी.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. माझा पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आला. सात-आठ वर्षांचा असेल. स्वतःचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं, गावाचं नाव अर्धवट ठाऊक होतं. त्या दुष्काळानं वऱ्हाड आणि मध्य प्रांत दोन्ही पिळून काढले, आणि विदर्भातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांची गोष्ट अशीच एखाद्या भुकेल्या पोरापासून सुरू होते. घरी सांगतात, की पणजोबा म्हातारपणी भाकरीचा पहिला तुकडा तोडला, की तो हातात धरून थोडा वेळ गप्प बसायचा. त्याला सगळे प्रार्थना समजायचे. असेलही.

आमचे जुने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, यवतमाळच्या सेमिनरीत, धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकलेले. ती सेमिनरी 1953 मध्ये सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. त्यांच्या उपदेशात ग्रीक शब्द येत, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या सालदारांना ते समजून सांगायला डवरा आणि वखरही येत. 'सार्वकालिक जीवन' हा शब्द त्यांनी मला दिला. तसा तो मी बाप्तिस्म्याच्या वर्गात पाठ केलेलाच होता, पण माझ्या मनात त्याचा अर्थ होता, मेल्यानंतरचं जीवन. स्वर्ग, पांढरे झगे, गाणी. एका रविवारी ते म्हणाले, "शब्द नीट वाचा. मरणोत्तर असं लिहिलेलं नाही. सार्वकालिक, म्हणजे सर्व काळाचं. सर्व काळात उद्याचा सोमवार येतो की नाही?" योहानाच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रार्थना करतो, त्यात तो या जीवनाचा अर्थ सांगतो: देवाला ओळखणं, आणि ज्याला त्यानं पाठवलं त्याला ओळखणं. ओळख काही मेल्यावर सुरू करायची गोष्ट नव्हे. ती आज होते किंवा आज राहून जाते.

तेव्हा मी पंचविशीत होतो. ऐकलं, आवडलं आणि ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदांत विसरून गेलो.

बाबा गेल्यावर नागपूरला जाणं वाढलं, मायच्या डोळ्यांच्या उपचारासाठी. एस. टी. बुटीबोरीवरून जाते. तिथून जवळच टाकळघाट आहे. आता सगळा भाग कारखान्यांचा, पण त्या मातीत अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची शिलावर्तुळं आहेत. मोठमोठे दगड गोल मांडून त्यांच्या आत माणसं पुरलेली. नागपूरजवळच्या जुनापाणीला आहेत, माहुरझरीला आहेत. खोदकामात मडकी निघाली, लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने. कोणीतरी आपल्या मेलेल्या माणसाबरोबर इतकं मोलाचं सामान ठेवलं. काहीतरी पुढं आहे असं वाटल्याशिवाय ठेवलं असेल का? त्या लोकांना कोणत्या आशेनं धरलं होतं, ते सांगायला त्यांचा एक शब्दही मागे राहिलेला नाही. पण त्या रस्त्यानं जाताना मला ते परके वाटत नाहीत.

ते दगड पाहायला 4 सप्टेंबर 1863 रोजी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटला गेले होते. ज्यांच्या नावाच्या कॉलेजासमोरून मी शिकत असताना रोज जायचो, तेच हिस्लॉप. स्कॉटलंडहून 1845 मध्ये नागपूरला आले, पुढच्या वर्षी शाळा काढली. शुभवर्तमान सांगायला आलेला हा माणूस इथले खडकही वाचायला लागला. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले, गोंडांची भाषा आणि गाणी उतरवून घेतली. त्या दिवशी परत येताना अंधारात पुरानं फुगलेला ओढा ओलांडायला गेले आणि बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंडांविषयीचं त्यांचं लिखाण इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापलं. कॉलेज निघालं 1883 मध्ये, त्यांच्या मृत्यूला वीस वर्षं झाल्यावर.

मी आज शेहेचाळीस वर्षांचा आहे, त्यामुळे हा माणूस माझ्या मनातून जात नाही. अर्धवट राहिलेल्या कागदांचं काय होणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कॉलेज तर त्यांनी पाहिलंच नाही. आपल्या हयातीत फळ दिसलं पाहिजे ही अट घातली असती, तर त्यांनी निम्मी कामं हातातच घेतली नसती. माझ्या कॅलेंडरच्या प्रत्येक ओळीवर ती अट होती: चाळिशीच्या आत.

बाबांवर ती अट नव्हती. हे मला त्यांच्या हयातीत कळायला हवं होतं, कारण दाखला माझ्या डोळ्यांसमोर घडला होता.

2006 चा पावसाळा. त्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, वर्तमानपत्रं आमच्या जिल्ह्याच्या नावानं भरली. आमच्या शेजारच्या वावराचा मालक त्या आठवड्यात गेला. कसा गेला ते लिहायची गरज नाही, आमच्याकडं सगळ्यांना कळतं. मागे बायको, दोन लहान लेकरं आणि गवतात बुडालेली पाच एकर पऱ्हाटी, कापसाचं उभं पीक. ते ख्रिस्ती नव्हते. तेराव्यानंतर ती बाबांकडं आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मामाजी, तुमच्यात म्हंतेत का मेल्यावर पुना भेट होते. आमची होईन काय?"

मी आतून ऐकत होतो. बाबा मंडळीचे 'वडील', म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ. मला वाटलं आता ते वचन सांगतील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, ते देवाच्या हातात हाये, आन् त्याचा हात आपल्याहून मोठा हाये. मले एवढं समजते का तुयी पऱ्हाटी डवराची रायली." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आमची बैलजोडी तिच्या वावरात घातली. आमचं स्वतःचं डवरणं, म्हणजे पिकातलं तण काढणं, तसंच पडलेलं होतं. मी चिडलो होतो. ते तीन दिवस तिच्या वावरात होते. त्यानंतर चार हंगाम तिचं डवरणं आधी झालं आणि आमचं नंतर. चौथ्या वर्षी तिचा मोठा पोरगा डवऱ्यामागं चालायला लागला, तेव्हा बाबांनी त्याच्या हातात कासरा दिला आणि परत आले. तोच पोरगा त्या मार्चच्या सकाळी आमच्या खोलीतला कापूस उचलत होता.

मी अनेकदा ऐकलंय, चांगल्या, विचारी मित्रांकडून ऐकलंय, की परलोकाची आशा म्हणजे गरिबाला दिलेली गुंगी. इथलं दुःख सोसा, तिथं मिळेल. ती आशा तशी वापरली गेलीय, हे मी नाकारत नाही. विदर्भात जगून ते नाकारणं खोटं ठरेल. पण ती माझ्या बापाच्या अंगात होती तेव्हा तिनं त्यांना पहाटे चारला उठवलं. पाऊस आला नाही, भाव आला नाही, सगळं बुडालं तरी हा माणूस पूर्ण बुडत नव्हता. त्यांचा मुख्य ठेवा बाजाराच्या हातात नव्हता. म्हणून दुसऱ्याच्या वावरात तीन दिवस द्यायला त्यांना भीती वाटली नाही. मला वाटली.

मूठमाती देताना पाळकांनी पौलाच्या पत्रातला भाग वाचला. पेरलेलं बी मेल्याशिवाय जिवंत होत नाही. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठवलं जातं. आमच्या मंडळीतल्या प्रत्येकानं सरकी पेरलेली आहे, त्यामुळे हे वाचताना कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या लहानपणी माय सरकी शेणमातीत घोळून उन्हात ठेवायची, तिचे धागे बसावे, दाणे सुटे व्हावे म्हणून. घरचंच बी, मागच्या वर्षीच्या कापसातलं. 2002 नंतर बीटी आलं, संकरित बी धरून ठेवता येत नाही, दर वर्षी पाकीट घ्यावं लागतं. पण मायचा शेणानं माखलेला हात आणि त्यातली ती काळपट, बेढब सरकी मला अजून दिसते. या दाण्यातून पांढरं काही निघेल असं कोणी पहिल्यांदा कसं मानलं असेल? बाबांच्या पेटीवर माती टाकताना माझ्या हातात त्याच मातीचं ढेकूळ होतं.

तीन आठवड्यांनी, 9 एप्रिलला, पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर होता. आमच्याकडं त्या दिवशी पहाटेची उपासना कबरस्तानातच असते. अंधारात मेणबत्त्या घेऊन जायचं आणि उजाडताना गीत म्हणायचं. मी दर वर्षी गेलो आहे. त्या वर्षी पहिल्यांदा मला तिथं कोणालातरी शोधायचं होतं. दादा पलीकडं उभा होता, आमच्या आजोबांच्या कबरीपाशी. आमचं भांडण धुऱ्याचं, शेताच्या बांधाचं. दोन तासांची, म्हणजे नांगराच्या दोन ओळींची जमीन. 2011 मध्ये मोजणी झाली, त्याला पटली नाही, मग मला पटली नाही. तेव्हापासून एकाच चर्चमध्ये तो डाव्या बाजूला बसायचा आणि मी उजव्या. प्रभुभोजनाला आम्ही वेगवेगळ्या रांगांतून जायचो, आणि त्याच प्याल्यातून घ्यायचो.

त्या पहाटे मला एक साधी गोष्ट दिसली. मी ज्या जीवनाची आशा धरतो, त्यात हा माणूस आहे. त्याच मेजाजवळ, सर्व काळ. म्हणजे या अबोल्याला शेवट आहेच, आणि प्रश्न फक्त इतकाच उरतो, की तो मी इथं करणार की तिथं तोंड दाखवताना. मी जाऊन त्याला सलाम केला. तो म्हणाला, "सलाम." त्यापुढं त्या दिवशी काही झालं नाही.

त्यानंतर मी ध्येयं पुन्हा लिहिली. कागद दारावर नाही, शास्त्राच्या मागच्या कव्हरात आहे. वेचणाऱ्या बायांची मजुरी त्याच संध्याकाळी द्यायची. याकोबानं मजुरांच्या अडकवलेल्या मजुरीबद्दल जे लिहिलंय ते वाचून कोणाला शांत झोप लागावी, हे मला कळत नाही, आणि मी वर्षानुवर्षं शांत झोपत होतो. बाजाराच्या दिवशी भाव बघायचा, रोज नाही. ज्या घरात तसं मरण झालं, त्या घरी पहिल्या आठवड्यात जायचं, आणि जाताना काय बोलायचं ते ठरवून जायचं नाही. धुरा. लेकीला तिला हवं ते शिकवायचं, कर्ज काढावं लागलं तरी. मायच्या खुर्चीला खिडकी. काही ओळी पाळल्या जातात, काही नाही. पाळकसाहेब आता नाहीत. असते तर म्हणाले असते, की यादीनं तारण होत नाही. ते मला ठाऊक आहे. तारण कमवायला ही यादी लिहिलेली नाही. जे मिळालंय ते हातातून खाली पडू नये म्हणून लिहिली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्र. इ. आहे, या वेळी माझ्या अक्षरात.

काळ्या मातीत कबर टिकत नाही. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, कडेचे दगड कलतात, मधला भाग खचतो. दर वर्षी मृगाच्या आधी जाऊन मुरूम भरावा लागतो. बाबा सगळ्यांच्या कबरी भरत, ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांच्याही. आता ते काम माझ्याकडं आलंय. यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी घमेलं आणि फावडं घेऊन गेलो, तर फाटकाशी मुरुमाची बंडी उभी होती. दादा आधीच आला होता. धुऱ्याचं आमचं अजून पूर्ण मिटलेलं नाही. एक तास त्यानं सोडलाय, एका तासावर बोलणं चालू आहे.

आम्ही आजोबांपासून सुरुवात केली. मग मोठे काका, मग ती भोपळेवाली आजी, मग बाबा. तो मुरूम टाकत होता आणि मी पायानं दाबत होतो. ऊन चढलं तेव्हा कडूलिंबाखाली बसलो. त्यानं आपली पाण्याची कॅन माझ्याकडं सरकवली.

"कधी पेरतं?" त्यानं विचारलं.

"पानी आला आन् प्रभूची इच्छा असली त सोमवारी," मी म्हणालो.

तो थोडा वेळ आभाळाकडं पाहत राहिला.

"मंग काकर पाडाले मायी जोडी घेऊन जाजो," तो म्हणाला. "मले बुधवारपरेंत लागत नाई."